राखीव गोलकीपर

दादा, म्हणजे माझे वडील, जालन्यात रोलिंग मिलला होते. भट्टीतून आलेली लालभडक सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रोलात घालायची, हे त्यांचं काम. एका दुपारी सळई उलटली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. ते आमच्या गावी, धावड्याला, घरी पडून राहिले, पगार बंद. मुकादम गावापर्यंत आला, चहा प्यायला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरगं धडधाकट आहे. बापाच्या जागेवर लावून टाका."

मी तेव्हा जालन्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. फुटबॉल संघातल्या पोरांना कॉलेजचं होस्टेल फुकट होतं, म्हणून मी संघात घुसलो. गोलकीपर व्हायला फारसं कोणी तयार नव्हतं, पण एक जुना होता, म्हणून मला जागा मिळाली ती राखीवच. संघात नाव असेतोवर खोली, खोली असेतोवर कॉलेज. नाहीतर मिल.

त्याच दिवसांत मोबाइलवर एक जपानी गोलकीपर सापडला. तोही राखीव. वर्षानुवर्षं एकाच क्लबात. प्रत्येक सामन्याआधी घाम गाळायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. कधी उतरलाच आणि हरला, तर प्रेक्षकांसमोर जाऊन कमरेतून वाकायचा. लोक त्याच्या नावानं गाणी म्हणायचे. सुटीत गावी गेलो की दादाही बघायचे.

"ह्योबी पकडायचंच काम करून राह्यला," ते एकदा म्हणाले. "पण याला टाळ्या हायेत."

दुसऱ्या वर्षी आमच्या पहिल्या गोलकीपरचा पाय मुरगळला आणि मी उतरलो. संघाच्या हातमोज्यांचा एकच जोड, तो मला लहान, हे मी दादांना फोनवर सांगितलं होतं. दादा सामना बघायला आले ते स्वतःचे मिलचे चामडी हातमोजे घेऊनच. सळईच्या आगीला पुरले ते चेंडूला पुरतील, असं आम्हा दोघांनाही वाटलं. पण त्या कडक चामड्यावर चेंडू बसेना. हातात आलेले तीन चेंडू निसटून गोलमध्ये गेले.

हरल्यावर मी प्रेक्षकांसमोर गेलो आणि त्या जपान्यासारखा वाकलो.

"काय सांडलं रे गोलकीपर?" एकजण ओरडला. "चौथा गोल शोधून राह्यला का?"

सगळं मैदान हसलं. दादा एका कडेला हात खिशात घालून उभे होते.

संघातून नाव गेलं, आठवड्यात खोली गेली. पेटी घेऊन घरी आलो आणि म्हणालो, जातो मिलला.

"तू न्हाई," दादा म्हणाले. "मीच जातो."

उरलेल्या बोटांनी ते भट्टीजवळ भंगार निवडायला लागले. मी जालन्यातच, मस्तगडला, एका दुकानात कामाला राहिलो, तिथंच झोपलो आणि कॉलेज चालू ठेवलं.

शेवटच्या वर्षी तो जपानी गोलकीपर निवृत्त झाला. स्टेडियम गच्च भरलं होतं, माणसं रडत होती. मी दादांना दाखवलं.

"खेळला किती?"

"थोडाच."

"मंग एवढे लोक?"

दादांना धुरानं खोकला लागला होता. मिलमध्ये त्या खोकल्याकडं कोणी वळूनही बघत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात निकाल लागला. मी बी.ए. झालो, दुसऱ्या श्रेणीत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आहे.