लंकाबाईची मरळ

गोधड्या धुऊन कुणी हसत घरी येत नाही, कंबर धरून येतं. पण फाल्गुनातल्या त्या सकाळी लंकाबाई मुळा धरणाच्या काठावरून ओल्या गोधड्यांचा भारा घेऊन आली ती गालातल्या गालात हसतच. भारा वलणीवर टाकायचं सोडून तिनं तो ओट्यावर आदळला आणि गोठ्याकडं तोंड करून ओरडली, "आवो, ऐकलं का? मरळ हाय! त्या बुडालेल्या बाभळीखाली! ही एवढी!"

भिमाजी शेणाची पाटी घेऊन बाहेर आला. बायकोचे दोन्ही हात खांद्याच्या पार पलीकडं पसरलेले बघून तो म्हणाला, "मंग? धरनात मासा न्हाई तर काय म्हैस आसनार?"

"तुमाला न्हाई कळायचं," लंकाबाई म्हणाली, आणि गोधड्या वाळत घालताना पुन्हा एकटीच हसली.

भिमाजीला खरंच कळण्यासारखं नव्हतं. त्याच्या घरात चार पिढ्यांची तुळशीची माळ. लसूण चालायचा हीच मोठी सवलत. लंकाबाईचं माहेर मात्र धरणाच्या पलीकडच्या काठावरचं, फुगवट्याचं पाणी जिथं परड्यापर्यंत यायचं तिथलं. तिचा बाप रंगनाथ शेतकरीच, पण कांदा काढून झाला की बांबूची काठी खांद्यावर टाकून पाण्याकडं निघायचा, आणि परकराचा ओचा खोचून लंका त्याच्या मागं. पहिली मरळ तिनं धरली तेव्हा मरळीनंच तिला पाण्यात ओढलं होतं. बापानं आधी काठी वाचवली, मग पोरीला. ही गोष्ट सांगताना रंगनाथ म्हातारपणीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

लग्न होऊन ती या घरात आली आणि मासा सुटला. कुणी दरडावलं नव्हतं. भिमाजी तर स्वभावानं इतका मऊ की बैलालाही "चला राजे" म्हणून हाकायचा. घराची रीत होती, तिनं ती आपली मानली. आणि खरं सांगायचं तर माशाची चव तिला कधी आठवलीच नाही. आठवायचा तो हिसका. पाण्याखालून कुणीतरी अचानक हात धरून ओढावं तसा तो हिसका. पोरंबाळं, कांदा, ऊस, सासूचं दुखणं, लेकीचं लग्न, सगळ्यात तो कुठंतरी मनगटात दडून बसला होता. आज निवळशंख पाण्यात ती काळी, लांबसडक मरळ आळसावून वळताना दिसली आणि सत्तावन्न वर्षांच्या लंकाबाईचं मनगट शिवशिवायला लागलं.

रॉड घरातच होता. जावई पार्थ दिवाळीला आला तेव्हा पुण्याहून घेऊन आला होता, चकरीचा, चकचकीत, सोबत माशाला फसवायला गळ लावलेला एक हिरवा रबरी बेडूक. त्यानं दोन दिवस धरणावर हवा खाऊन एक बाभळीची फांदी आणि स्वतःची पँट एवढंच गळाला लावलं, आणि जाताना रॉड कणगीमागं ठेवून दिला. लंकाबाईनं तो बाहेर काढला, जळमटं झटकली आणि पक्कड शोधायला लागली.

"हे काय?" भिमाजीनं विचारलं.

"गळाचा उलटा काटा दाबून टाकते. म्हंजी मरळीला लागला तरी नख लागल्यावानी. लगीच निघतो."

"लंका, गळ्यात माळ हाय माझ्या."

"व्हय की. माळ तुमच्या गळ्यात, गळ माझ्या हातात. कुनाचं कुनाला आडतंय? खायाची न्हाई, रांधायची न्हाई. धरायची, तोंड बघायचं, सोडून द्यायची."

"निस्तं तोंड बघायला धरायची?"

"आपल्या अश्वीला पोरगा बघायला तुमी धा घरं फिरला. मी एका मरळीचं तोंड बघते म्हनलं तर एवढं?"

भाकरी खाऊन, हात धुऊन, टोपी नीट करून तो शेवटी म्हणाला, "मी संगं येनार. जित्ती सोडली का न्हाई ते बघाया."

मच्छीमार सोसायटीच्या मच्छिंद्रला लंकाबाईनं रस्त्यातच गाठून विचारून घेतलं. तो आपली होडी डांबर लावून वाळवत बसला होता. "काकू, गळानं धरा की, कोन नगं म्हनतंय," तो म्हणाला आणि तोंड फिरवून हसला. त्याचं हसू लंकाबाईला दिसलं, पण तिला कशाचाच राग येण्याचे ते दिवस नव्हते.

सराव अंगणात झाला. तिनं घमेलं लांब ठेवलं आणि त्यात बेडूक टाकायला लागली. पहिल्या वेळी बेडूक कौलावर गेला, दुसऱ्या वेळी शेजारच्या सविताच्या कुरडयांच्या वाळवणात. तिसऱ्या वेळी घमेल्याजवळ पडला आणि टुणटुण उड्या मारत परत यायला लागला, तर कोंबड्यांनी त्याच्यावर झडप घातली. कोंबडा पुढं, पाच कोंबड्या मागं, त्यांच्या पुढं रबरी बेडूक आणि सगळ्यांच्या पुढं चकरी फिरवत उलटी पळणारी लंकाबाई. कुरडया वेचायला आलेली सविता तिथंच बसली आणि पोट धरून हसली. "काकू, मरळीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "कोंबड्याच धरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको धरणावर गेले. कालव्याला आवर्तन सुटल्यामुळं धरणाचं पाणी थोडं उतरलं होतं आणि काठाजवळ तर काचेसारखं झालं होतं. तळाचे गोटे दिसत होते, शिंपले दिसत होते, एका बुडालेल्या मळ्यातल्या विहिरीचा कठडासुद्धा दिसत होता. पलीकडच्या टेकाडावर पळस पेटला होता. भिमाजी एका खडकावर बसून हरिपाठ पुटपुटायला लागला. निदान पापाच्या जागी पुण्य तरी होत राहावं.

लंकाबाईनं पदर खोचला, पाय रोवले, रॉड मागं नेला आणि सगळा जीव लावून पुढं फेकला. बेडूक मागं गेला तो एकटाच. पुढं निघाला तो भिमाजीची टोपी घेऊन.

पांढरीशुभ्र टोपी उन्हातून एखाद्या बगळ्यासारखी गेली आणि बाभळीच्या काळ्या फांद्यांजवळ पाण्यावर अलगद बसली.

"माझी टोपी!" भिमाजीचा हरिपाठ तुटला. "आगं वढ! आत्ताच घेतलीय, देवळालीच्या बाजारातून!"

"वढते वढते! वरडू नका!" लंकाबाईला हसू आवरेना. तिनं चकरी फिरवली तशी टोपी टुणटुणत निघाली. बाभळीच्या बुंध्यापाशी आली, आणि पाणी फुटलं. भस्सकन! टोपी नाहीशी झाली. एवढी मोठी काळी पाठ वळली की भिमाजी खडकावर उभाच राहिला. पुढच्याच क्षणी टोपी पुन्हा बुडबुड करत वर आली. गळ कापडात रुतलेला, त्यामुळं ना मरळीच्या हाती टोपी लागली, ना टोपीच्या हाती मरळ.

टोपी काठाला आली. तिच्यावर बारीक दातांची चंद्रकोर उमटली होती. भिमाजीनं एका भोकातून करंगळी घालून बघितली. आरपार गेली.

"चावली," तो म्हणाला. "माझ्या टोपीला चावली."

"मंग जायाचं घरी?"

भिमाजीनं ओली टोपी पिळली, तशीच डोक्यावर चढवली आणि बाभळीकडं बोट केलं. "परत टाक."

त्या दिवसापासून घरात कोण जास्त येडं ते ठरवणं अवघड झालं. कांद्याची काढणी चालू होती. सकाळी काढायचा, दुपारी पात कापायची, आणि उन्हं कलली की दोघं धरणाकडं सुटायची. रबरी बेडकाचे पाय मरळीनं तोडले तेव्हा भिमाजीनं आपल्या जुन्या स्लिपरचा निळा तळ कापून नवा बेडूक कोरला. लंकाबाईनं त्याला लाल परकराच्या झालरीचे पाय शिवले. तो बेडूक इतका देखणा झाला की भिमाजीनं तो आधी देवघरासमोर ठेवला, मग जीभ चावून उचलला.

पण मरळ काही लागेना. ती यायची, झडप घालायची, आणि लंकाबाई घाईनं हिसका द्यायची. बेडूक मरळीच्या तोंडातून निसटून थेट काठावर यायचा. एकदा तर तो भिमाजीच्या छातीवरच आदळला.

"तू लई घाई करती," भिमाजी म्हणाला. "तिला नीट घिऊ दे की तोंडात. आसं कर, तिनं घेतला की मी 'इठ्ठल' म्हनतो. माझं म्हनून व्हईस्तोवर वढायचं न्हाई."

"तुमचं इठ्ठल लांबलचक आसतंय. तवर ती बेडूक गिळून पारनेरला जायाची."

"न्हाई, आखूड म्हनतो."

चैत्र लागला. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. मरळ श्वास घ्यायला वर आली, बुळुक असा आवाज झाला आणि पाण्यावर एक गोल पसरत गेला. लंकाबाईनं स्लिपरचा बेडूक त्या गोलाच्या पलीकडं टाकला. यावेळी टोपी, पदर, कौलं, कोंबड्या, कुणालाच काही न होता तो जिथं पडायचा तिथं पडला. एक उडी. दुसरी उडी. भस्सकन!

लंकाबाई थांबली. 'इठ्ठल' यायची वाट बघत थांबली. पण भिमाजीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून नुसताच "आ... आ..." असा आवाज येत होता. दोरी पाण्यात सरसर निघाली. लंकाबाईला वाटलं, आता जातंय सगळं, आणि तिनं देवाचं नाव स्वतःच घेऊन हिसका दिला.

आणि पाण्याखालून कुणीतरी तिचा हात धरून ओढला.

रॉड कमानीसारखा वाकला. चकरी किंचाळायला लागली, तिच्याहून मोठ्यानं लंकाबाई. "लागली! आवो लागली! धरा मला!" मरळ बाभळीकडं धावली, लंकाबाई रॉड आडवा करून चिखलातून पळाली. मरळ उसळून पाण्याबाहेर आली, अख्खी, शेपटीपर्यंत, आणि धप्पकन पडली. एक चप्पल चिखलात राहिली, केस सुटले. भिमाजीला आता वाचा फुटली होती आणि तो "इठ्ठल इठ्ठल इठ्ठल" असा ठेकाच धरून काठानं नाचत होता.

"नाचताय काय! पान्यात उतरा! हितं आली!"

भिमाजी धोतरासकट उतरला. गुडघाभर पाण्यात त्यानं उपरणं दोन्ही हातांनी झोळीसारखं पसरलं, मरळ त्यात शिरली आणि तिनं असा झटका दिला की तो बुडावर बसला. त्याला धरायला गेलेली लंकाबाई त्याच्या शेजारी बसली. आता दोघं छातीभर पाण्यात, मधे उपरण्यात मरळ, आणि दोघांनाही हसण्यापुढं उठता येईना.

शेवटी लंकाबाईनं उपरणं बाजूला केलं. काळंभोर अंग, पोटाकडं पिवळसर झाक, बाजूंना चट्टे आणि सापासारखं रुंद डोकं. डोळे असे की साऱ्या धरणाची पाटीलकी हिच्याकडंच. दाबलेला गळ अलगद निघाला. भिमाजीनं आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात धरला होता. गार आणि ताठ. तो नुसता जीव होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, तिनं याच्याकडं.

"राम कृष्ण हरी, माउली," भिमाजी हळूच म्हणाला आणि हात खाली नेले.

मरळ क्षणभर त्याच्या तळव्यांवरच थांबली. मग शेपटीनं दोघांच्या तोंडावर पाणी उडवून गेली. नितळ पाण्यातून बाभळीपर्यंत जाताना ती त्यांना शेवटपर्यंत दिसत होती.

तेवढ्यात लांबून वल्ह्यांचा सपासप आवाज आला. मच्छिंद्र जीव तोडून होडी मारत येत होता. "काकूऽ! काय झालं? कोन बुडालं?"

"कोनी न्हाई रं!" भिमाजी पाण्यात बसूनच ओरडला. "मरळ धरली! चार किलोची! सोडली!"

मच्छिंद्रचं वल्हं थांबलं. "सोडली म्हंजी? कुटं सोडली?"

"धरनात!"

मच्छिंद्रनं दोघांकडं बघितलं. भिजलेली टोपी, सुटलेले केस, एक चप्पल. मग त्यानं कपाळावर हात मारला आणि तोही हसायला लागला. "आबा, तुमच्या पाया पडतो," तो म्हणाला, "म्होरच्या खेपंला मला हाक मारा, मंग सोडा."

सांजेला भजनी मंडळात अभंग दोन झाले आणि मरळ चार वेळा. पहिल्यांदा ती चार किलोची होती. पखवाज गुंडाळून ठेवेपर्यंत तिचं वजन आठावर गेलं होतं. लंकाबाई बायकांत बसून ऐकत होती, तिनं नवऱ्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. तिला तर ती बाराची वाटली होती.

अश्विनीनं पुण्याहून फोन केला. "आई, गाव काय म्हनतंय माहितीय का? आबा मासे धरायला लागले!"

"आगं धरते मी. तुझे आबा झेलत्यात."

"आणि पार्थचा रॉड?"

"जावयबापूंना म्हनावं, दुसरा घ्या."

चैत्राच्या अखेरीला एका संध्याकाळी लंकाबाई बेडूक टाकणार, तर बाभळीच्या अलीकडं पाण्यात कुंकू सांडल्यासारखं काहीतरी हललं. तिनं वाकून बघितलं. लाल, बारीक, नखाएवढी पिल्लं, शेकड्यांनी, एकाच गोळ्यात फिरणारी. आणि त्यांच्या खाली हातभर अंतरावर एक काळी सावली, स्थिर.

तिनं चकरी गुंडाळली. "पिल्लं हायती तिची. आता म्होरल्या फाल्गुनापातूर न्हाई."

भिमाजीचं तोंड लहान लेकरासारखं उतरलं. त्यानं दुपारभर बसून पिवळ्या स्लिपरचा नवा बेडूक केला होता. "एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई. निस्तं बघायचं."

मग ती दोघं खडकावर पोटावर पडली, हनुवट्या हातांवर टेकून. लाल गोळा पसरायचा, आवळायचा, फिरायचा. एक पिल्लू चुकून बाजूला गेलं की सावली हलायची आणि ते गपकन परत यायचं. भिमाजी प्रत्येक वेळी "गेलं गेलं गेलं... आलं!" म्हणत होता, आणि लंकाबाई त्याला कोपरानं ढोसत होती की हळू बोला, ती ऐकतीय.