आचाऱ्याचं पिल्लू

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याचा तीस वर्षांचा एकच नेम होता. कालचं आज रांधायचं नाही, नाहीतर कामगार ताटं आपटतात. घरी कुत्र्याचं पिल्लू आणलं, तर त्याचाही त्यानं तसाच पाहुणचार केला. सोमवारी दूधभात, मंगळवारी अंडं, बुधवारी खिमा. गुरुवारी पिल्लाला जुलाब लागले आणि ते पोत्यावर मान टाकून पडलं.

"अहो, ते काय पंगतीला बसलंय का?" फरशी पुसता पुसता बायको करवादली.

जनावरांच्या डॉक्टरनं सलाईन लावलं आणि बजावलं, "मामा, आता फक्त मऊ भात आणि उकडलेलं चिकन. मीठमसाला अजिबात नको. पोट सावरलं की मगच नवं खाणं, तेही आठवडाभर थोडं थोडं वाढवत मिसळायचं."

तीन दिवस त्यानं तेच बेचव शिजवलं. पिल्लू नुसतं हुंगायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. हजार माणसांना बोटं चाटायला लावणारा गडी, पण इथं त्याचे हात बांधलेले होते.

"खा रे बाबा," तो म्हणाला, "यात मला काहीच घालता येत नाही."

पिल्लानं दोन शितं चाटली आणि पुन्हा पोत्यावर मान टेकवली. तो थाळी धरून तसाच बसून राहिला.