रिक्लोजरचा तिसरा ट्राय

पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, अमावस्या तर नाहीच. आधीच सांगतो, नाहीतर निम्मे लोक खाली कमेंट टाकतील — "भावा, भूत कुठंय?" भर दुपार, वाघोली, एसी बंद पडलेली कंट्रोल रूम आणि समोर थंड झालेला वडापाव... एवढाच सीन आहे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणजे नव्हता. आता काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी लोकांना समजावून समजावून कंटाळलोय.

मी करमाळ्याकडचा. शाळेत सगळ्या मास्तरांचे आवाज काढायचो, तीच सवय नोकरीत पण राहिली. सबस्टेशनवर कंत्राटी ऑपरेटर आहे. आमचे इंजिनियर जोशीसाहेब, पक्के पेठेतले. त्यांचा आवाज ही माझी स्पेशालिटी, जेवायच्या सुट्टीत फर्माईश असते. सगळा ताप झाला तो यानंच.

आता दोन मिनिटं टेक्निकल सहन करा. लाइनवर रिक्लोजर नावाचा डबा असतो. फांदी-बिंदी पडली की तो लाइन बंद करतो, जरा थांबतो आणि आपोआप चालू करून बघतो; याला आम्ही 'ऑटो' म्हणतो. अडथळा गेला असेल तर ठीक, नाहीतर परत बंद. कितीदा ट्राय करायचं आणि मध्ये किती थांबायचं, ते टायमरमध्ये सेट करतात. आमचा डबा दोनदा ट्राय करून कायमचा गप्प बसायचा. त्याच आठवड्यात साहेबांनी तिसरा ट्राय वाढवला, आणि त्याच्या आधी चांगला तीन मिनिटांचा थांबा टाकला. कारण आमच्याकडं लाइनवर फांद्या कमी, वाढदिवसाचे फ्लेक्स जास्त, आणि फ्लेक्स सावकाश सुटतो.

तसा मेसेज ग्रुपवर टाकला. पण आमचे लाइनमन तानाजीमामा... पन्नाशीपुढचे, इथल्याच गावचे. गुड मॉर्निंगच्या फुलांना वैतागून त्यांनी ग्रुप म्यूट केलेला.

त्या दुपारी कुठल्यातरी भावी नगरसेवकाचा फ्लेक्स वाऱ्यानं लाइनवर जाऊन बसला. स्क्रीनवर ट्रिप. पहिला ट्राय फेल. दुसरा फेल. तिसऱ्याचा काउंटडाउन सुरू झाला, मी वडापाव उचलला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जुना लँडलाइन, नंबर-बिंबर दिसत नाही.

"अहो, ऑटो बंद करा. आत्ता. शंका नंतर विचारा. असोऽ."

साहेबांचा आवाज. एक क्लिक, ऑटो बंद. काउंटडाउन जागीच थांबला. पलीकडून फोन कट.

थोड्या वेळानं माझ्या मोबाइलवर मामांचा फोन.

"फ्लेक्स काढलाय रं. खाली आलोय. सोड लाइन."

"खाली आलोय म्हणजे? मामा, तुम्ही वर होता?"

"मग काय फ्लेक्स माझ्या हाकेनं खाली येतोय? खांबाखालीच होतो, डब्याचे दोन दणके मोजले अन् चढलो. दोन झालं की लाइन मेली, नेहमीचंच हाय."

"आणि परमिट? लाइन बंद केल्याचा कागद?"

"एवढ्याशा कामाला कसलं परमिट."

"मामा... आता दोन नाही, तीन आहेत. तिसरा यायचा होता."

 मामा म्हणाले, "मी जरा बसतो हितंच खांबापाशी."

 साहेबांना फोन लावला, उचलेनात. संध्याकाळी आले ते एक गाल सुजलेला. मी म्हटलं, "सर, तुमचा फोन वेळेवर आला, नाहीतर मामा गेले होते."

"कुठला फोन? दुपारी मी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत होतो. तोंडात त्यांचे दोन्ही हात होते. त्या अवस्थेत फोन करण्याची कला मला अवगत नाही."

मी सोडतो काय. फोनवरचं वाक्य जसं ऐकलं तसं म्हणून दाखवलं.

"परत म्हणा."

परत म्हटलं.

"मी 'असो' असं लांबवत नाही," साहेब म्हणाले. "ते तुम्ही लांबवता. मला केबिनमध्ये ऐकू येतं."

ते खरं होतं. फोनवरचा आवाज साहेबांचा नव्हताच. मी काढतो तो साहेबांचा आवाज होता.

झालं. तेव्हापासून सगळ्यांनी निकाल लावून टाकलाय — आवाज यानंच काढला, आणि आता सोंग करतोय. अरे, एका हातात वडापाव, एका हातात रिसीव्हर, नंबर काय पायानं फिरवला? आणि मीच मला कशाला फोन करीन? मामा वर आहेत हे मला माहीतच नव्हतं ना बाबांनो. मामा तर भेटले की चहा पाजतात. "सायबाचं नाव पुढं केलंस, बेस केलंस." मी नाही म्हटलं की डोळा मारतात. डबा तपासला, टायमर तपासला, सगळं ठणठणीत. फोनचं काय, ते आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही. मी तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं केलं. आधी मामा.

"तानाजीराव, दणके मोजायला आपण काय ढोल पथकात आहात? परमिट न घेता पुन्हा चढलात तर मी स्वतः शिडी काढून घेईन. मग बसा वरच, फ्लेक्ससारखे."

मामांनी मान खाली घातली. मला हसू यायला लागलं, ते साहेबांनी बघितलं.

"आणि आपण. लाइन ट्रिप होते आणि आपण वडा खाता. लाइनवर माणूस आहे का, हे आधी विचारायचं असतं. ते कळेपर्यंत ऑटो बंद ठेवायचं. त्यासाठी फोनची वाट बघायची नाही. माझ्याही नाही, आणि तुमच्याही नाही."