फोन लावून विचारणारी सुवर्णा

सुवर्णा माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एका जिवंत माणसाच्या वतीने. सांगलीच्या हळद बाजारात मी एका अडत दुकानात दिवाणजी. पण माझं निम्मं लक्ष शेतकऱ्यांच्या ग्रुपवर, कारण त्याचा ॲडमिन मीच. त्या सकाळी मी आमच्या एका जुन्या गुरुजींना श्रद्धांजली वाहिली होती, वर चार ओळी पदरच्या घातल्या होत्या. दुपारी कॉलेजची पिशवी अडकवलेली ही मुलगी दारात उभी.

"काका, गुरुजी गेले हे तुमाला कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलं."

"त्यांच्या घरी फोन लावला?"

"अगं, दुःखात असलेल्यांना कशाला त्रास?"

"मी लावला. गुरुजींनीच उचलला. म्हणाले, दिवाणजीला सांग, मजकूर झकास लिहिलाय."

सुवर्णा साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. घरी मेंढरं. होस्टेलवर राहून शिकत होती. ती आणि तिच्यासारखी काही पोरंपोरी रोज संध्याकाळी फोनवरच जमायची. कुणी मिरजेत, कुणी विट्यात, मेढ्याचा ओंकार रेंजसाठी घरामागच्या टेकाडावर. गावोगावच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या बातम्या ती मिळून तपासायची. सुवर्णाचा हट्ट एकच, "जिथं घडलं म्हणत्यात, तिथल्या माणसाला फोन लावल्याबिगर खोटं म्हणायचं न्हाई. आन् खरं बी म्हणायचं न्हाई."

मग गावच्या बोलीत खुलासा रेकॉर्ड व्हायचा. एकदा ओंकारने "सदर वृत्त निराधार आहे" अशी सुरुवात केली, तर ती उसळली, "सदर म्हटलं की आमचा चुलता फोन ठिवून मेंढरांकडं जातोय, गड्या! माणसासारखं बोल की रं."

मलाही त्यांनी आपल्या ग्रुपमध्ये घेतलं. पद मानाचं होतं. सुवर्णा म्हणाली, "काका, तुमचा ज्याच्यावर झटक्यात विश्वास बसतो, ते बहुतेक खोटंच असतंय. तुमी लय उपयोगाचं हायसा."

दिवाळीनंतर माणची मेंढरं चाऱ्यासाठी आमच्या भागात उतरतात. रिकाम्या रानात शेतकरी कळप बसवून घेतात. रानाला खत मिळतं, धनगराला धान्य आणि मुक्काम. सुवर्णाचे वडील, आबा, मिरजेच्या अलीकडे एकाच शेतकऱ्याच्या रानात वर्षानुवर्षं उतरत. त्या वर्षी एक व्हिडिओ आला. तोंडाला फेस आलेली मेंढरं, जेसीबीने काढलेला खड्डा, आणि मागे आवाज: ही माणची मेंढरं आहेत, रोग जनावरांना लागतो, रानात घेऊ नका.

पोरं लगेच कामाला लागली. ओंकारने शोधून काढलं, व्हिडिओ परदेशातला, कित्येक वर्षांपूर्वीचा, आवाज वरून चढवलेला. सुवर्णाने दहिवडीच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. असा रोगच नव्हता. मग खुलासा तयार झाला. लोकांना ओळखू यावा म्हणून आधी तोच व्हिडिओ, आणि शेवटी ओंकारचा आवाज, हे सगळं खोटं आहे. पसंतीसाठी आधी मला पाठवला. दुकानात सौदे चालले होते, मी आवाज बंद करून पाहिला, "फक्कड" असं कळवलं आणि ताबडतोब स्टेटसला ठेवला.

माझं बघून सगळ्या बाजाराने ठेवला. स्टेटसला लांब व्हिडिओ मावत नाही, मागचा भाग कापला जातो. ओंकार कापला गेला. उरली फेस आलेली मेंढरं आणि खड्डा. ज्या गावांत मूळ व्हिडिओ पोचलाच नव्हता, तिथे तो आमच्याकडून पोचला. वर लोक म्हणायचे, "तपासणाऱ्या पोरांनी टाकलाय, म्हंजे खरंच आसंल."

सुवर्णा दिवसभर फोन लावत होती. सरपंचांना, दूध डेअरीला, ओळखीपाळखीच्यांना. सगळे ऐकून घेत, "व्हय, व्हय" म्हणत, आणि कळप पुढच्या शिवारात हाकलत. आबांच्या शेतकऱ्यानेही हात जोडले, "औंदा नगं."

मी आणि सुवर्णा गाडीवरून आबांकडे पोचलो तेव्हा कळप रस्त्याच्या कडेला होता आणि मेंढ्यांचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. मुंबईहून मेव्हण्याने तोच व्हिडिओ आबांना पाठवला होता.

"आबा, खोटं हाय त्ये! डॉक्टरांशी बोलले मी."

"आगं, त्या काळ्या मेंढीला खोकला हाय."

"थंडीत दरसाली असतोय की!"

"दरसाली मला कुठं ठावं हुतं? आता ठावं झालं."

तिने पूर्ण व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओंकारचं बोलणं शेवटपर्यंत नीट ऐकलं, फोन सदऱ्याला पुसून परत दिला. "पोरगं ग्वाड बोलतंय. पर म्या डोळ्यानं बघितलं ते कसं पुसू? मेली तर माझ्या हातनं खड्ड्यात जातील, बाय."

जन्मभर मेंढरांत काढलेला माणूस आपल्याच मेंढरांना भिऊन एकेक उचलून टेम्पोत चढवत होता. टेम्पो निघाला तसा कुत्रा वळणापर्यंत धावला आणि परत येऊन आबांच्या तोंडाकडे बघत बसला. आबा मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळत होते.

"काका," सुवर्णा म्हणाली, "आता आबाला मी काय पाठवू?"



परीक्षा न देताच ती आबांबरोबर गावी गेली. आबा पुढे मुंबईला गोदामावर राखणीला लागले. सुवर्णा माझा फोन उचलते, "बरं हाय" म्हणते, आणि ठेवते. पोरांचा तो ग्रुप अजून आहे. पण ओंकार काय, कुणीच आता काही तपासत नाही. सकाळी तिथे गुलाबाच्या फोटोवर 'शुभ प्रभात' येतं, तेवढंच. तेही मीच पाठवतो.