प्लेटोच्या भरवशावर अध्यक्षपद

चहा घ्या आधी, बिस्किटं त्या डब्यात आहेत. मग सांगतो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसामुळे मी इथे अमेरिकेत, आपल्या या कॅरी गावात, कसा तोंडावर आपटलो ते. म्हणजे त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. आपटलो मीच!

गोष्ट दोन हजार चारची. आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता आणि मला अध्यक्ष व्हायचं होतं. अगदी मनापासून! सहा वर्षं मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या लावत होतो. किती लावाव्यात माणसाने? वर नागपूरला आईला फोनवर सांगूनही टाकलं, "आई, यंदा मीच होतोय." आई दिवाळीला इकडे येणार होती. तिने अख्ख्या कॉलनीत बातमी दिली आणि माझ्यासाठी बंद गळ्याचं जाकीट शिवायला टाकलं. अध्यक्षाला शोभेल असं!

आता भाषण जोरदार पाहिजे ना? ऑफिसला ड्राइव्ह करताना ऐकायला मी लायब्ररीतून प्लेटोवरच्या लेक्चर्सच्या सीडी आणल्या. बारा होत्या. चार ऐकल्या आणि मी स्वतःला विद्वान समजायला लागलो.

पण काय माणूस होता हो! मोठ्या घरातला, राजकारणात जायचं जवळजवळ ठरलेलं. पण अथेन्सच्या लोकांनी मतं टाकून त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, विषाचा प्याला दिला. तिथे त्याचं मन उडालं. म्हणाला, जहाज कोणी चालवायचं? आरडाओरडा करणाऱ्याने, की ज्याला तारे कळतात त्याने? ज्याने त्याने आपल्याला जमतं ते काम करावं, आणि ज्याला सत्तेची हाव नाही त्याच्याच हातात सत्ता द्यावी. मला हे फारच पटलं. कारण हाव नाही असं दाखवणं मला लहानपणापासून छान जमतं.

रविवारी दुपारी एका शाळेच्या कॅफेटेरियात मीटिंग. मावळत्या अध्यक्ष देशमुख काकू. निवडणूक अधिकारी निमा, इथेच जन्मलेली, लॉ शिकणारी, हातात नियमांचा कागद. मी उठून प्लेटो ऐकवला. जहाज, तारे, सगळं. काकू खूश!

"मी सुधीरचं नाव सुचवते," त्या म्हणाल्या.

मी लगेच हात जोडले. "छे छे काकू, मला कशाला? मी आपला साधा माणूस."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? 'आणखी दोनदा म्हणा' असाच ना? श्रीखंड वाढताना आपण ताटावर हात आडवा धरतो, पण बोटं फाकवून! काकूंना हे कळत होतं. त्या आग्रह करायला तोंड उघडणार, तेवढ्यात निमा उठली.

"काकू, ही सेड नो. लेट्स रिस्पेक्ट दॅट." आणि माझ्या नावावर रेघ मारली. सरळ!

"नेक्स्ट?"

"मी," विनायक म्हणाला. पुण्याचा, वर्षभरापूर्वीच आलेला. "मला आवडेल करायला."

ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने! माझं डोकंच फिरलं. "अरे, पण प्लेटो काय म्हणतो? ज्याला हवं असतं त्याला..."

"मग तुम्ही व्हा ना, सुधीरदादा," विनायक शांतपणे म्हणाला. "मी बसतो खाली. खरंच."

अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय. माझी बायको स्वाती पहिल्या रांगेतून डोळे वटारून सांगतेय, हो म्हण! एक शब्द, बस. आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"नाही नाही, तूच हो. मला पदाचा मोह नाही."

टाळ्या! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी हसत हसत मान झुकवत होतो.

"आर यू शुअर, काका?" निमाने बिचारीने एकदा शेवटचं विचारलं.

"शुअर," मी म्हणालो. प्लेटोसुद्धा सिसिलीच्या राजांना शहाणं करायला तीनदा गेला होता, आणि तिन्ही वेळा हात हलवत परतला. माझं तेच झालं, फक्त कॅफेटेरियात.

निवडून आल्यावर विनायकचा पहिला निर्णय ऐका. "दादा, ज्याला जे जमतं ते त्याने करावं, हे तुमचं मला पटलं. खुर्च्या तुमच्याइतक्या सरळ रेषेत कोणीच लावत नाही."

सोमवारी गाडीत पाचवी सीडी लावली. तर प्लेटो म्हणतो, चांगल्या माणसाने राज्य करायला नकार दिला, तर त्याच्याहून कमी लायकीचा माणूस त्याच्यावर राज्य करतो, हीच त्याची शिक्षा. अरे बाबा, हे पहिल्याच सीडीत सांगायचं ना! बरं, तेवढंही समाधान मला मिळालं नाही. विनायकने मंडळ माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं चालवलं.

दिवाळीला आई आली. कार्यक्रमाला निघायच्या आधी मी घाबरत घाबरत खरं सांगितलं.

"अरे बाप्पा!" आई म्हणाली. "लहानपणीही तू असाच. लोकांकडे नको नको म्हणायचास आणि घरी येऊन रडायचास. आता कॉलनीत काय सांगू मी?"

मला खरंच वाईट वाटलं. तिचं मन राखायला ते जाकीट घातलं आणि तसाच हॉलमध्ये खुर्च्या लावल्या.

फराळाच्या वेळी निमा ताट घेऊन माझ्यापाशी आली. आईच्या हातचा एकच अनारसा उरला होता. सकाळपासून माझा त्याच्यावर डोळा होता.

"काका, वॉन्ट द लास्ट वन?"

"नको गं," मी म्हणालो, "मला कशाला!"

निमाने समजूतदारपणे मान डोलावली आणि अनारसा विनायकला दिला.