आमच्या रानातली येळवस

हे सांगायचं म्हणजे पंचाईतच आहे, कारण फजितीही माझी आणि वाहवाही माझीच. तरी सांगतो. तोवर चहा घ्या, गार व्हायला लागलाय.

मी लातुरात राहतो, शाळेत गणित शिकवतो. वडील नोकरीतले, त्यामुळे सातबाऱ्यावर आमचं नाव कधी आलंच नाही. एरवी त्याचं काही वाटत नाही हो. पण मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, जीव तुटतो. त्या दिवशी अख्खं लातूर ओस पडतं. जो तो आपल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायचं, आत पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला आंबील आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी वाढायची. मी मात्र लग्न झाल्यापासून दरवर्षी रेणापूरला, सासऱ्यांच्या रानात, जेवणाऱ्यांच्या पंगतीत. आणि दरवर्षी माझा मेव्हणा बालाजी आंबील वाढता वाढता म्हणणार, "दाजी, कधी तुमच्याकडं बी बोलवा की."

तो हसून म्हणायचा. मला लागायचं.

मग काय झालं, आमच्या कॉलनीनं मोकळ्या जागेत सभासदांना भाजीसाठी एकेक वाफा द्यायचं ठरवलं. मलाही एक मिळाला. केवढा? दोन बाजा शेजारी शेजारी टाका, तेवढा. पण काळी माती होती आणि ती माझी होती.

मी काय थांबतो? खुरपं घेऊन भिडलोच. पहिलं बी इतकं खोल पुरलं की ते वर यायचं विसरलं. दुसऱ्यांदा मात्र मेथी आली, कोथिंबीर आली, हरभरा आला, पातीचा कांदा, कोपऱ्यात वांगी. शाळेतून आलो की बूट काढायच्या आधी रानात. हो, रानातच म्हणायचो मी. बायको, सुनंदा, म्हणायची, "रानातून येताना गेटवरून दूध आणा."

हरभऱ्याला घाटे धरले आणि माझं डोकं फिरलं. सरळ सासऱ्यांना फोन लावला. "मामा, औंदा येळवस आमच्या रानात. तुमची पूजा उरकून दुपारी सगळ्यांनी यायचं."

मग मामा म्हणाले, "रान घेतलं म्हणा की जावईबापू. बोललाव न्हाई कधी."

आता इथं मी खरं सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण त्यांच्या आवाजातला आनंद ऐकला आणि तोंडातून एवढंच निघालं, "छोटंच आहे, मामा."

शेतकरी माणूस तो. छोटं म्हणजे त्यांनी एकरभर तरी धरलं असणार. संध्याकाळी बालाजीचा फोन. "दाजी, कोप कोण करणार? तुम्हाला जमल का?" असं विचारल्यावर माणूस काय करेल? मी टेम्पोभर कडबा मागवला.

येळवशीच्या सकाळी कोप उभारायला घेतली, तर ती मेथीवर यायला लागली. म्हटलं, मेथी तशीही भज्जीला लागते. उपटली आणि घरी सुनंदाच्या पातेल्यापाशी नेऊन दिली. मग कोप कोथिंबिरीवर आली. तीही लागतेच की भज्जीला. मग कांद्याची पात, मग वांगी. शेवटी डोळे मिटून हरभरा काढला. माझ्या घरी फेऱ्या चालू आणि कोप पसरत चाललेली. दुपारपर्यंत अशी कोप झाली की आत माणूस ताठ उभा राहील. लांब जाऊन बघितली. देखणी होती. आणि तेव्हा कुठं या गणिताच्या मास्तराच्या लक्षात आलं, की वाफा दिसतच नाही.

तेवढ्यात गेटवर जीप आली. तिच्यामागं पिकअप. सासूबाई, चुलत सासरे, त्यांची सुनानातवंडं, रेणापूरचे शेजारी. नवं रान बघायला सगळे नटून आलेले. मामांच्या हातात माझ्यासाठी नवाकोरा फेटा.

"कोप एक नंबर झालीय, दाजी," बालाजी म्हणाला. मग त्यानं चहूकडं नजर फिरवली. "रान कुठं हाय?"

मी कोपीकडं बोट केलं. तो मागं जाऊन बघून आला. "मागं तर टमाटे हायेत."

"ते शेजाऱ्यांचे. आपलं आत आहे."

"कशात?"

"कोपीत."

बालाजी पोट धरून खालीच बसला. मामा हसले नाहीत. त्यांनी आंबिलीचं मडकं घेतलं, लिंबाची डहाळी घेतली आणि रिवाजाप्रमाणं रानाभोवती शिंपडत निघाले. स्वतःच्या रानात या फेरीला त्यांचे पाय भरून येतात. इथं ते कोपीच्या एका अंगानं गेले आणि दुसऱ्या अंगानं लगेच माझ्यापुढं हजर.

"झालं?"

"झालं, मामा."

"जावईबापू, आम्ही रानात कोप करतो. तुम्ही तर कोपीत रान केलाव."

माझी मान जी खाली गेली ती वर येईना. पण सुनंदानं पत्रावळ्या मांडायला घेतल्या. भज्जीचा वास सुटला तसे माझ्यासारखेच बिनरानाचे बाकीचे वाफेवालेही आपापल्या घरून धपाटे, बाजरीचे उंडे घेऊन आले. वाफ्यांमधल्या पायवाटांवर लांबच लांब पंगत बसली. आणि वाढायला कोण? मी. बालाजीच्या पत्रावळीत आंबील मी वाढली. कितीतरी वर्षं या क्षणासाठी झुरलो होतो, खोटं कशाला बोलू.

मामांनी घास घेतला. "काय काय घातलंय ह्यात?"

"आमच्या रानातलं सगळं."

"सगळं?"

"काही म्हणजे काही मागं ठेवलं नाही, मामा."

त्यांनी आणखी भज्जी मागून घेतली. हात धुतले, मला समोर बसवलं आणि सगळ्यांदेखत डोक्याला फेटा बांधला. माझे डोळे भरून आले. कडब्याची धूळ गेली म्हणालो, पण कुणाला पटलं नाही.

तिथल्या तिथं कॉलनीचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आता दरसाल आपली सगळ्यांची येळवस हितंच. कोप गुरुजींच्याच वाफ्यात." टाळ्या पडल्या. मी फेटा सावरत उभा राहिलो, हात जोडले आणि या बहुमानाबद्दल सगळ्यांचे आभार मानले.

"आभार कशाचे, गुरुजी," अध्यक्ष म्हणाले. "बाकीच्यांच्या वाफ्यात पीक असतंय."