खांदा चालेल, हात नाही

आठवडाभर तो लोकांची कपाटं उचलायचा आणि रविवारी सकाळी फुटबॉलची शिट्टी फुंकायचा. फुंकायचा हे आपलं म्हणायचं, कारण शिट्टी बहुतेक वेळ नुसती दातांत धरलेली असायची. मैदानात कुणी कुणावर आदळलं, कुणी पोट धरून लोळलं, की हा दोन्ही हात पुढे करून "चालू द्या, चालू द्या" म्हणत बॉलमागं पळायचा. त्यामुळं त्याचं नावच चालूद्या पडलं. बायकोसुद्धा चिडली की याच नावानं हाक मारायची, आणि चिडायला तिला फार काही लागत नसे.

धक्काबुक्कीबद्दलचं त्याचं शास्त्र नियमांच्या पुस्तकातून नव्हे, जिन्यातून आलं होतं. सामान हलवणाऱ्या टोळीचा तो मुकादम. अरुंद जिन्यातून फ्रिज वर चढवायचा तर अंगाला अंग घासणारच. खालचा वरच्याला डोक्यानं ढोसतो, वरचा खालच्याच्या बोटांवर पाय देतो, वळणावर कुणाची तरी पाठ सोलून निघते, आणि माफीबिफी कुणी मागत नाही. टोळीत एकच गोष्ट बंद होती. तोल गेला तरी दुसऱ्याचा हात किंवा शर्ट धरायचा नाही. धरला की दोघंही गडगडणार आणि मागून फ्रिज. नवा गडी आला की चालूद्या त्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचा: खांदा चालेल, हात नाही.

मैदानातही तोच कायदा. खांद्याला खांदा भिडला तर खेळ चालू, शर्ट ओढला किंवा कोपर लावलं तर शिट्टी. कायदा चांगला होता, पण त्याला एक भोक होतं. ते भोक म्हणजे त्याचा जावई.

जावई रंगारी. शिडीवर मांजराच्या पावलांचा, घरात तर गरीब गाय, सासूनं वाढलं तेवढं निमूट खाणारा. पण रंगाऱ्यांच्या संघातून मागच्या फळीत खेळायला उतरला की याच्या हातांना कंड सुटायची. समोरच्याचा शर्ट दिसला की धर, बरगडी दिसली की कोपर लाव. चालूद्याला सगळं दिसायचं. पण दुसरा रेफ्री मिळत नव्हता आणि दुसरा जावईही नव्हता, म्हणून तो कानाडोळा करायचा.

मग बेकरीवाल्यांशी सामना झाला. त्यांचा भट्टीवर काम करणारा धिप्पाड गडी बॉल घेऊन सुटला, जावयानं मागून त्याचा शर्ट धरला. भट्टीवाला थांबेना, शर्ट ताणला गेला, शिवण टरकली, आणि जावई तोंडावर आपटून घोटा मुरगळून बसला. चालूद्या चार पावलांवर होता. शिट्टी वाजवायची तर ती लोळणाऱ्या जावयाविरुद्धच वाजवायला हवी होती. त्यानं हात पुढे केले, चालू द्या.

घरी जाऊन जावयानं बायकोला सांगितलं, मला पाडलं. मुद्दाम खोटं बोलला असंही नाही. पडणाऱ्याला तसं खरंच वाटत असतं. घोटा बरा होईतो शिडी बंद, म्हणजे कामही बंद. लेक तरातरा माहेरी आली ती बसलीसुद्धा नाही.

"बाबा, तुमच्या डोळ्यांदेखत त्याला तुडवला आणि तुम्ही हात हलवत पळालात. जिन्यात गडी पडला तर फ्रिज सोडून धावता ना?"

एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण लेकीच्या संसारात आपण कशाला मिठाचा खडा टाकायचा, म्हणून तो मूग गिळून बसला. त्या दिवसापासून रविवारचं चौघांचं जेवण बंद झालं. बायको मात्र सवयीनं चौघांचंच रांधायची आणि उरलेलं त्याला बुधवारपर्यंत खाऊ घालायची. लेकीचा राग त्याला असा रोज पानात वाढून येत होता.

घोटा बरा झाला आणि पुन्हा बेकरीवाल्यांशीच गाठ पडली. लेकीनं आईकरवी निरोप धाडला, या वेळी मी स्वतः बघायला येणार आहे. तोवर तिनं एकही सामना पाहिला नव्हता. चालूद्यानं मनाशी ठरवलं, आज काही झालं तरी लेक परत आणायची. आज कुणी कुणाला नुसतं चाटून गेलं तरी फुंकायची.

आणि फुंकली. बॉल दहा पावलं जाईना. खांदा लागला, शिट्टी. सावली लागली, शिट्टी. भट्टीवाल्यानं येऊन अदबीनं विचारलं, घाम पुसायला परवानगी आहे का. बघायला आलेली निम्मी मंडळी चहाला निघून गेली.

पण सगळ्यालाच शिट्टी म्हटल्यावर कानाडोळा कुठं करणार? दर दुसरी शिट्टी जावयावर वाजू लागली. कडेच्या बाकावर लेक आईला विचारत होती, आता ह्यानं काय केलं? आई वर्षानुवर्षं बघत आलेली. ती संत्रं सोलता सोलता सांगत होती. शर्ट धरला. मग, कोपर. मग, पुन्हा शर्ट.

मध्यंतरात लेक बापापुढं येऊन उभी राहिली.

"हा नेहमीच असं करतो?"

चालूद्या पाण्याच्या बाटलीचं झाकण निरखू लागला. "मैदानातच. एरवी गुणी आहे."

"आणि त्या दिवशी?"

तेवढ्यात भट्टीवाला जवळून चालला होता. त्यानं काखेतली नवी शिवण दाखवली. "वहिनी, त्याचा दोष नाही. शर्टच जुना होता."

जावई बुटाची नाडी बांधत खाली बसला होता. बराच वेळ बांधत होता.

"बाबा, मग बोलला का नाहीत?"

"जावई आहे."

"घरी. इथं कसला जावई?" आणि जाता जाता वळून ती म्हणाली, "आणि सारखं ते पिर्र पिर्र बंद करा. मला वाटलं होतं, खेळ बघायला मिळेल."

चालूद्याचा जीव भांड्यात पडला. मध्यंतरानंतर शिट्टी पुन्हा दातांत गेली. भट्टीवाला आणि जावई खांद्याला खांदा लावून बॉलमागं सुटले, आणि जावई फेकला जाऊन चिखलात उताणा पडला. लेक अर्धी उठली. चालूद्यानं हात बघितले. दोघांचेही खाली होते. चालू द्या. लेक पुन्हा बसली. जावई चिखल झटकत आपला आपणच उठला.

शेवटी शेवटी भट्टीवाला पुन्हा सुटला, आणि जावयाचे हात सवयीनं पुढं गेले. चालूद्यानं शिट्टी फुंकायला गाल फुगवले, पण त्याच्याआधीच बाकावरून आवाज आला, "हात!" जावयानं चटका बसल्यासारखे हात मागं घेतले. भट्टीवाल्यानं गोल मारला. रंगारी हरले.

दुपारी चौघं जेवायला बसले. टेबल लहान, जावई अंगापिंडानं दांडगा. भाजीचं पातेलं ओढताना त्याचं कोपर सासऱ्याच्या बरगडीत बसलं. लेकीनं हातातला घास खाली ठेवला आणि नवऱ्याकडं रोखून पाहिलं. जावई गोरामोरा झाला.

चालूद्यानं भरल्या तोंडानंच दोन्ही हात पुढे केले.